वस्तुमान जुळत नाही: प्रयोगातली तूट शोधायची कशी

नववीच्या वर्गात द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाचा (अभिक्रियेच्या आधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हा तो नियम) प्रयोग सुरू झाला की अर्ध्या तासात प्रयोगशाळेच्या दारातून हाक यायची, "सर, वजन जुळंना झालंय." तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. निवृत्त झालो तरी आसपासच्या शाळांतून याच एका कारणासाठी अजून फोन येतात. प्रत्येक वेळी तूट कुठं ना कुठं सापडली आहे. नियम चुकला असं एकदाही निघालं नाही, आणि पोरांना जमत नाही असंही नाही. मी ज्या क्रमानं शोधतो त्याच क्रमानं खाली लिहितो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी जिथं आपण हात लावायचा नाही त्या.

एक विनंती सुरुवातीलाच. वजन जुळलं नाही म्हणून वहीतला आकडा खोडून "बरोबर" आकडा लिहायला मुलांना सांगू नका. परीक्षेच्या घाईत हे होतं, मला माहीत आहे. पण तो न जुळणारा आकडा हाच आपल्या हातातला एकमेव पुरावा असतो. तो खोडला की मग शोधणार कशावरून?

आधी लक्षण ओळखा

"जुळत नाही" ही तक्रार एकच, पण तिची रूपं वेगवेगळी. आपल्याकडचं रूप कोणतं ते ठरवलं की निम्मं काम झालं.

– नंतरचं वजन कमी भरतं, आणि प्रयोग पुन्हा केला तरी साधारण तेवढंच कमी भरतं. काहीतरी निघून जातंय. बहुतेक वेळा वायू किंवा वाफ.

– नंतरचं वजन जास्त भरतं. बाहेरून काहीतरी आत आलंय. हवेतली ओल, ऑक्सिजन, नाहीतर भांड्याला बाहेरून लागलेलं पाणी.

– तफावत दहा-वीस ग्रॅमची आहे. यात रसायनशास्त्राचा काही संबंध नाही. बूच, दोरा किंवा परीक्षानळी एका वजनात आली आणि दुसऱ्यात राहिली.

– प्रत्येक वेळी फरक वेगळा, कधी कमी कधी जास्त. काट्यावर किंवा टेबलावर संशय घ्या.

– आकडा थांबतच नाही, डोळ्यांदेखत सरकत राहतो.

– वजन तंतोतंत जुळलं, पण साका, म्हणजे द्रावणं मिसळल्यावर तयार होणारा न विरघळणारा गाळ, दिसला नाही. याची तक्रार कुणीच करत नाही! अभिक्रियाच झाली नसेल तर वजन जुळणारच, आणि त्यातून सिद्ध काही होत नाही.

– काट्यावर जुळतं, पण वहीत समीकरणाच्या दोन बाजू जुळत नाहीत.

किती फरक म्हणजे फरक?

काट्याचं लघुतम माप आधी बघा. बहुतेक शाळांत ०.१ ग्रॅमचा डिजिटल काटा असतो, काही ठिकाणी स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा. प्रत्येक वजनात शेवटचा अंक एकानं इकडेतिकडे होऊ शकतो. आपण वजन दोनदा करतो, म्हणजे ०.१ च्या काट्यावर ०.२ ग्रॅमपर्यंतचा फरक ही तूट नव्हे. १ ग्रॅमच्या काट्यावर तर २ ग्रॅमपर्यंत काही बोलताच येत नाही. मला आलेले कितीतरी फोन इथंच संपले. "आधी १८६.४, नंतर १८६.३, आता काय करू?" काही करू नका. जुळलंय.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली, दोन्ही वेळा तीच सगळी सामग्री काट्यावर होती का? पाठ्यपुस्तकातला प्रयोग असा असतो: शंकुपात्रात कॅल्शिअम क्लोराइडचं द्रावण, छोट्या परीक्षानळीत सोडिअम सल्फेटचं द्रावण, नळी दोऱ्यानं बांधून पात्रात सोडायची, वर रबरी बूच, मग वजन. नंतर पात्र तिरकं करून दोन्ही द्रावणं मिसळायची आणि पुन्हा वजन. होतं काय, तर मुलं पहिलं वजन बूच बाजूला ठेवून करतात आणि दुसरं बूच लावून. उपाय सोपा आहे. काट्याजवळ एक रिकामा ट्रे ठेवा. वजन घेताना त्या ट्रेमध्ये काहीही उरलेलं दिसता कामा नये. कागदावर यादी करण्यापेक्षा हा ट्रे जास्त कामाला येतो, कारण राहिलेली वस्तू डोळ्यांना दिसते.

दुसरी, मधेच काटा शून्य झाला का? पुष्कळ डिजिटल काटे दोन-तीन मिनिटं हात लागला नाही की आपोआप बंद होतात. मुलं पात्र वरच ठेवून काटा पुन्हा चालू करतात. काटा पात्रासकट स्वतःला शून्य धरतो, आणि तिथून पुढचा सगळा हिशोब बिघडतो. म्हणून प्रत्येक वजनाआधी ताट रिकामं, कोरडं, आकडा ०.०, आणि मगच पात्र.

तिसरी, पंखा बंद करा. आमच्या भागात मार्चपासून पंख्याशिवाय बसवत नाही, पण काट्यावर वाऱ्याचा दाब पडतो आणि आकडा नाचतो. खिडकीही लावा. टेबल डुगडुगत असेल तर काटा भिंतीला लागून असलेल्या ओट्यावर हलवा. काट्यावर पातळी दाखवणारा बुडबुडा असेल तर तो मधोमध आणा.

चौथी, पात्र बाहेरून पुसा. परीक्षानळी भरताना सांडलेले चार-पाच थेंब म्हणजे पाव ग्रॅम सहज. पहिल्या वजनात ते बाहेरून चिकटलेले असतात, दुसऱ्यापर्यंत वाळून जातात. आपण मात्र तूट अभिक्रियेच्या नावावर टाकतो. घामेजलेल्या हातांचंही तेच.

पाचवी थोडी कमी लोकांना ठाऊक असते. गरम वस्तूचं वजन करू नका. गरम पात्राभोवतीची हवा तापून वर जाते, तिच्या प्रवाहानं काट्याला वजन कमी वाटतं. निर्जल कॅल्शिअम क्लोराइड पाण्यात विरघळलं तरी पाणी चांगलंच तापतं, बर्नर न लावताही. द्रावणं आदल्या दिवशी करून ठेवा, म्हणजे दोन्ही वजनं एकाच तापमानाला होतील.

आकडा सावकाश पण सतत खाली सरकत असेल तर भांडं उघडं आहे आणि पाणी उडतंय. हे आपल्याकडच्या मुलांना समजावायला दोन मिनिटं लागतात. मी विचारायचो, "चार किलो द्राक्षं शेडवर टाकली तर बेदाणा किती निघतो?" साधारण किलोभर, हे तासगावच्या पोरांना पाठच असतं. "मग तीन किलो कुठं गेले?" "वाळलं की सर, पाणी उडालं." गेलं म्हणजे नाहीसं झालं नाही, हवेत गेलं. शेडभोवतीची हवा मोजता आली असती तर ते तीन किलो तिथं सापडले असते. बेदाणा होणं ही मुख्यतः भौतिक क्रिया आहे, रासायनिक नाही, तेवढं मात्र वेगळं सांगा, नाहीतर पुढच्या धड्यात घोळ होतो.

काट्याची परीक्षा

एक नाणं घ्या. तेच नाणं दहा वेळा ठेवा, काढा, आकडे लिहा. मग ताटाच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. सगळीकडे एकच आकडा, फार तर शेवटच्या अंकात एकाचा फरक, आला पाहिजे. नाण्याचा उपयोग फक्त पुन्हा पुन्हा तोच आकडा येतो का हे बघायला. "एक रुपयाचं नाणं इतक्या ग्रॅमचं" असं धरून काटा जुळवायला जाऊ नका, कारण वेगवेगळ्या वर्षांतल्या नाण्यांची वजनं वेगळी आहेत.

आकडा खरा आहे का हे बघायचं असेल तर पाणी वापरा. औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरची नवी सिरिंज आणा, सुई नको. काट्यावर कोरडा पेला ठेवून शून्य करा आणि दहा वेळा भरून पाणी सोडा. १०० मिलिलिटर पाणी २५ अंश सेल्सिअसला ९९.७ ग्रॅम भरतं. तुमच्या काट्यावर ९८ ते १०१ च्या दरम्यान आलं तर शाळेच्या कामाला काटा ठीक आहे. ९० आलं तर बॅटरी बदला आणि पुन्हा बघा. बॅटरी उतरली की काटे खोटं बोलतात, आणि तेही स्थिर आकडा दाखवून.

आपल्या प्रयोगाला मात्र काटा खरा असण्यापेक्षा एकनिष्ठ असणं जास्त महत्त्वाचं. तो दोन्ही वेळा सारखाच चुकत असेल तरी आधी-नंतरची तुलना होते. म्हणून नाण्याची परीक्षा आधी आणि पाण्याची नंतर.

गळती, आणि फुग्याचा फसवा प्रयोग

इथं मी थोडा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त शिक्षक इथं अडकतात आणि सर्वांत जास्त शिकण्यासारखंही इथंच आहे.

रबरी बूच जुनं झालं की कडक पडतं, त्याला भेगा जातात. बुचाच्या कडेला साबणाचं पाणी लावा. अभिक्रिया चालू असताना बुडबुडे आले तर वायू तिथून जातोय. नवं बूच काही रुपयांत मिळतं. बूच बदला, त्याला मेण फासत बसू नका.

आता फुगा. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवायचा आणि उलटा करायचा. फुगा फुगतो, मुलं टाळ्या वाजवतात. सगळं बंद असल्यामुळं वजन तेच राहील असं आपण सांगतो, आणि काटा कमी दाखवतो. गळती शोधून शोधून माणूस थकतो. एका गावच्या बाईंनी तीन फुगे बदलले, दोऱ्यानं बांधले, चिकटपट्टी लावली. "सर, काही केल्या दीड-पावणेदोन ग्रॅम कमीच येतंय बघा." त्यांचा फुगा कुठंही गळत नव्हता.

गणित करून बघू. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ५ ग्रॅम सोडा घेतला तर २.६ ग्रॅम वायू, आणि खोलीच्या तापमानाला त्याचं आकारमान होतं सुमारे दीड लिटर. म्हणजे फुगा दीड लिटरनं फुगतो आणि तेवढीच हवा बाजूला सारतो. एक लिटर हवेचं वजन असतं सुमारे १.२ ग्रॅम. विहिरीत बुडवलेली घागर पाण्याखाली हलकी लागते, दोरीला खरा भार कळतो ती पाण्याबाहेर आल्यावर. तसाच हा फुगा हवेत बुडालेला आहे, आणि बाजूला सारलेली हवा त्याला वर ढकलते. दीड लिटरला हा धक्का पावणेदोन ग्रॅमच्या आसपास येतो. वस्तुमान कणभरही कमी झालेलं नाही. काट्यानं मोजला तो भार, आणि त्या भारातून हवेचा धक्का वजा झाला.

उपाय म्हणजे फुगणार नाही असं भांडं. शीतपेयाची एक लिटरची रिकामी प्लॅस्टिक बाटली घ्या. ती दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, आणि काचेची तर अजिबात नको. आत २० मिलिलिटर व्हिनेगर. अरुंद परीक्षानळीत १ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ती नळी बाटलीत अलगद उभी सरकवा. झाकण घट्ट लावा. वजन करा. बाटली आडवी करा, फेस शांत होऊ द्या, पुन्हा वजन करा. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर आकडा तोच राहतो. मग काट्याजवळच झाकण सैल करा. फुस्स आवाज येईल. झाकण परत बाटलीवर ठेवून वजन केलं की ०.३ ते ०.४ ग्रॅम कमी भरतं. बाटली तशीच उघडी ठेवली तर आतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो आणि तूट ०.५ कडे सरकते, कारण १ ग्रॅम सोड्यातून निघणारा वायू आहेच ०.५२ ग्रॅम.

सोडा १ ग्रॅमच्या वर नेऊ नका. १ ग्रॅमच्या काट्यावर ही तूट दिसणार नाही हे खरं, पण म्हणून सोडा वाढवायचा नाही. शेजारच्या शाळेतून चांगला काटा मागून आणा.

हा प्रयोग माझा सर्वांत आवडता, कारण झाकण उघडण्याआधी वजन केलं की नंतर, एवढ्या एका प्रश्नावर रसायनशास्त्र शंभर वर्षं अडलं होतं. रॉबर्ट बॉइल यांनी १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचपात्रात धातू तापवले. वजन वाढलेलं दिसलं. त्यांनी निष्कर्ष काढला की आगीचे सूक्ष्म कण काचेतून आत शिरले. पण त्यांनी वजन केलं होतं पात्र उघडल्यावर! १७७४ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी कथिल बंद पात्रात तापवलं आणि उघडण्याआधी वजन केलं. फरक शून्य. पात्र उघडल्यावर हवा आत घुसली आणि मग वजन वाढलं. कथिलानं आतल्या हवेचा एक भाग घेतला होता, आणि ती जागा भरायला बाहेरची हवा आली. आग काचेतून शिरलीच नव्हती. बॉइल हे मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांच्याकडूनही हे निसटलं. तुमच्या वर्गातल्या मुलीनं झाकण आधी उघडलं म्हणून तिला रागावू नका, तिला ही गोष्ट सांगा.

रसायनांची तपासणी

साका दिसत नसेल तर द्रावणं फार पातळ आहेत. कॅल्शिअम सल्फेट पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम. चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात घातली तर तयार झालेलं सगळं विरघळूनच राहतं. ५० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम, अशी दोन्ही द्रावणं करा. पांढरा साका लगेच दिसेल.

कॅल्शिअम क्लोराइडची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली की आत पाणी झालेलं दिसतं. हवेतली ओल ओढून ते स्वतःच त्या पाण्यात विरघळतं. आधी द्रावण करून मग आधी-नंतरचं वजन केलं तर याचा त्रास नाही. पण कोरड्या पुडीचं वजन करत असाल तर काट्यावर आकडा वाढताना दिसेल. धुण्याच्या सोड्याचं बरोबर उलटं. त्याच्या खड्यांत पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. कोरड्या हवेत त्यांतले बहुतेक निघून जातात आणि चकचकीत खडे पांढरे पिठूळ होतात. असा पिठूळ सोडा १० ग्रॅम घेतला तर त्यात खरा सोडिअम कार्बोनेट अपेक्षेपेक्षा जास्त असतो, आणि प्रमाणाचं गणित चुकतं.

काही शाळा मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि धुण्याचा सोडा वापरतात. निळसर हिरवा साका फार छान दिसतो. फक्त यात थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो, हे लक्षात ठेवा. बूच न लावता केलात तर थोडी तूट येणारच.

मोरचुदावरून आठवलं. आमच्याकडं द्राक्षबागेत बुरशीवर फवारायला बोर्डो मिश्रण करतात. एक टक्क्याला १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला शेतकरी त्यात स्वच्छ विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं उरलंय, आणखी चुना घालायचा. तो तांबूस थर म्हणजे तांबंच. लोखंड द्रावणात जातं, तांबं बाहेर येतं. पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया, बापाच्या हातातल्या विळ्यावर. लोखंडी खिळा मोरचुदात ठेवून त्याच खिळ्याचं वजन जास्त भरलं म्हणून गोंधळलेली मुलं मी पाहिली आहेत. ५६ ग्रॅम लोखंड गेलं की ६३.५ ग्रॅम तांबं बसतं, म्हणून खिळा जड होतो आणि द्रावण तेवढंच हलकं. वजन नुसत्या खिळ्याचं न करता पेल्यासकट करा.

चुना मात्र वजनाच्या प्रयोगाला नको, हे माझं स्पष्ट मत. ५६ ग्रॅम चुनकळी अधिक १८ ग्रॅम पाणी बरोबर ७४ ग्रॅम विरलेला चुना, हे कागदावर सुंदर जुळतं. प्रत्यक्षात चुना विरताना इतकी उष्णता सुटते की पाण्याची वाफ होऊन जाते आणि नंतरचं वजन कमी भरतं. वाफ अडवायला झाकण घट्ट लावलं तर भांडं फुटेल. उष्णता दाखवायला चुना वापरा, वजनाला दुसरं काही घ्या. आणि चुना विरताना तापलाच नाही, तर तो जुना आहे. पोत्यात ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो आधीच निकामी झालाय. बोर्डोलाही तो चालत नाही, आपल्यालाही नाही.

जाळण्याचे प्रयोग

मॅग्नेशिअमची फीत जाळली की राख जड व्हायला हवी. २४ ग्रॅम मॅग्नेशिअमला १६ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे ४० ग्रॅम. चिमट्यात धरून जाळलीत तर उलट कमी भरते, कारण तो पांढरा धूर म्हणजेच आपलं उत्पादित, आणि ते छताला गेलं. झाकणाच्या मुशीत, झाकण अधूनमधून किंचित उचलून जाळावी लागते. ज्योतीकडं थेट बघायचं नाही. लोखंडी लोकर जाळणं सोपं पडतं. फक्त भांड्यांची तारेची घासणी आणू नका, ती गंजरोधक पोलादाची असते आणि नीट जळत नाही. पॉलिशवाले वापरतात ती बारीक लोखंडी लोकर आणा. जळाल्यावर वजन वाढलेलं बघून मुलांचे डोळे मोठे होतात, कारण जळलं की हलकं होतं हे त्यांनी चुलीपाशी लहानपणापासून पाहिलेलं असतं. चुलीतल्या लाकडाचंही वस्तुमान नाहीसं होत नाही. त्याचा बराचसा भाग धुराड्यातून वाफ आणि वायू होऊन जातो.

वहीतली तूट

समीकरण जुळत नसेल तर एकच चूक शोधा. मुलांनी सूत्राच्या आतला अंक बदललाय का? हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी लिहिताना ऑक्सिजनचे दोन अणू जुळवायला काही मुलं पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनपुढं २ लिहितात. आकडे जुळतात, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो सूत्राच्या आधीचा अंक, म्हणजे रेणूंची संख्या. आमटीत मीठ कमी पडलं तर मीठ घालावं, मिठाचं नाव साखर करून कसं चालेल, असं मी सांगायचो आणि ते मुलांच्या लक्षात राहायचं.

दुसरी चूक स्फटिकजलाची, म्हणजे खड्यांत बांधलेल्या पाण्याची. मोरचुदाच्या निळ्या खड्यांचं रेणुवस्तुमान २४९.५, आणि तापवून पांढरं झालेल्याचं १५९.५. मधले ९० म्हणजे पाण्याचे पाच रेणू. बाटलीतलं कोणतं आणि गणितातलं कोणतं हे आधी ठरवा.

दहावीचा एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो की आइन्स्टाइन यांच्या समीकरणाप्रमाणं उष्णता सुटली की वस्तुमान कमी व्हायला हवं ना? व्हायला हवं आणि होतंही. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला तर सुटणाऱ्या उष्णतेचा हिशोब ग्रॅमच्या वीस कोटीव्या भागाहूनही कमी येतो. शाळेच्या काट्यावरची तूट यानं कधीच येत नाही. प्रश्न विचारल्याबद्दल त्याचं कौतुक करा आणि बूच तपासायला लावा.

इथं थांबा

काटा नाण्याच्या परीक्षेत नापास झाला, बॅटरी बदलूनही कोपऱ्यांवर वेगवेगळे आकडे येतात, किंवा तो खाली पडलाय, तर उघडू नका. आतला भार ओळखणारा धातूचा तुकडा एकदा वाकला की घरच्या पेचकसानं सरळ होत नाही. वैधमापन शास्त्र विभागाचा परवाना असलेले दुरुस्तीवाले सांगलीत सापडतात, हळद-गुळाच्या पेठेला काटे लागतातच. दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. साध्या काट्याला तो नव्याइतका येत असेल तर नवा घेतलेला बरा.

बंद बाटली ताठ फुगून दगडासारखी लागली तर ती उचलू नका, मुलांना बाहेर काढा आणि तासभर तशीच राहू द्या. चुना किंवा कोणतंही रसायन डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि थेट डॉक्टरांकडं न्या. त्या वेळी घरगुती उपाय नकोत.

बेरिअम क्लोराइड आणि लेड नायट्रेट विषारी आहेत. याच प्रयोगासाठी सुरक्षित जोड्या असताना ती कपाटातून काढूच नका. कपाटात चिठ्ठी उडालेल्या बाटल्या, रॉकेल आटलेली सोडिअमची बरणी किंवा गळणारं आम्ल दिसलं तर वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका, मोरीतही ओतू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्र विभागाला कळवा, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत कपाटाला कुलूप लावून किल्ली मुख्याध्यापकांकडं द्या.

काटेवाल्याला किंवा महाविद्यालयातल्या सरांना बोलावाल तेव्हा नाण्याचे दहा आकडे, पाण्याचा आकडा आणि प्रयोगाची आधीची-नंतरची वजनं लिहिलेला कागद समोर ठेवा. त्यात न जुळणारे आकडे आधी.